कुंपणानंच शेत खाल्लं तर?

आमच्या मागच्या गल्लीत दिवाळीत एक घर फुटलं. मंडळी दोन दिवस गावी गेली होती. चोर आले परसदारानं, कडी उचकटून. थोडं सोनं, पितळेची भांडी आणि चक्क भरलेली गॅसची टाकी घेऊन गेले. मग काय, पंधरा दिवसांत गल्लीतल्या पाच घरांवर सीसीटीव्ही लागले!

त्यातलं एक घर माझ्या ओळखीच्या वहिनींचं. कॅमेरेवाला आला तेव्हा तो, भाऊजी आणि त्यांचा मुलगा हॉलमध्ये बसून ठरवत होते. वहिनी आत चहा करत होत्या. चार कॅमेऱ्यांचा सेट स्वस्त पडतो म्हणून चार घेतले. एक फाटकावर, एक ओसरीत, एक हॉलमध्ये आणि एक स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात. परसदारी मात्र एकही नाही! चोर जिथून आले तीच बाजू उघडी.

महिन्याभरानं वहिनी भेटल्या. म्हणाल्या, "अगं, दुपारी शेजारीण येऊन बसली की ह्यांचा दुकानातून फोन येतो, कोण आलंय म्हणून. आता मी हॉलमध्ये आडवीसुद्धा होत नाही." हे सांगताना त्या हसत होत्या. मला मात्र हसू आलं नाही. कॅमेरा आणला चोरासाठी आणि पहारा बसला घरच्या लक्ष्मीवर!

मैत्रिणींनो, हे एका घरापुरतं नाही. २०२५ या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. त्या एकत्र ठेवून बघितल्या की आपल्या घरातल्या कॅमेऱ्याकडे बघायची नजरच बदलते.

पहिली गोष्ट फेब्रुवारीतली. राजकोटमधल्या एका प्रसूती रुग्णालयाच्या तपासणी खोलीतली बायकांची चित्रणं यूट्यूबवर दिसली आणि टेलिग्रामवर चक्क पैसे घेऊन विकली जात असल्याचं उघड झालं. चित्रण करणारा कुणी लपून बसलेला माणूस नव्हता. रुग्णालयाचाच कॅमेरा होता, इंटरनेटवरून कुणीतरी त्यात शिरलं होतं. अटक झालेल्यांत आपल्या लातूर आणि सांगलीकडची तरुण मुलंही निघाली. यंत्रणेला 'अ‍ॅडमिन१२३' असला, कुणालाही सुचेल असा पासवर्ड होता, असं पुढे बातम्यांत आलं. म्हणजे दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली तिथेच खिळ्याला टांगायची!

दुसरी गोष्ट त्याच महिन्यातली, कोलकाता उच्च न्यायालयातली. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचा वाद होता. एकानं घरात कॅमेरे लावले, त्यातले काही राहत्या भागाकडे रोखलेले. दुसऱ्यानं हरकत घेतली. न्यायालयानं सांगितलं, की सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात असे कॅमेरे चालवता येणार नाहीत. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हस्तक्षेप केला नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच सांगितलं होतं. आता तो हक्क घराच्या उंबरठ्याच्या आतही आला. हा खटला भावाभावांचा होता, नवरा-बायकोचा किंवा सासू-सुनेचा नव्हे, हे खरं. पण त्यातलं तत्त्व आपण घ्यायला काय हरकत आहे?

तिसरी गोष्ट सरकारी नियमाची. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेरे भारतात विकायचे तर आधी त्यांच्या सुरक्षेची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी लागते. नियम चांगलाच आहे. पण तो कंपनीनं पाळायचा. आपल्या भिंतीवर आधीच टांगलेला कॅमेरा त्यामुळे सुरक्षित होत नाही, आणि सोपा पासवर्ड ठेवायची आपली सवयही सुटत नाही.

मग कॅमेरा लावूच नये का? तसं मुळीच नाही. म्हातारे सासू-सासरे एकटे असतात, नोकरीमुळे घर दिवसभर बंद राहतं, तिथे कॅमेऱ्याचा आधार वाटतोच. फक्त आधी कागदावर घराचा साधा नकाशा काढा. चोर कुठून येऊ शकतो? फाटक, परसदार, गच्चीचा जिना, बोळाकडची खिडकी. तिथे खुणा करा. बहुतेक घरांत दोन-तीन खुणांत काम भागतं, आणि त्या सगळ्या घराच्या बाहेर असतात! झोपायची खोली, न्हाणीघर, कपडे बदलायची जागा इथे कॅमेरा नकोच. हॉलमध्ये हवाच असेल, तर घरातल्या प्रत्येकाला विचारून, आणि घरात माणसं असताना बंद ठेवायचा या अटीवर. कामाला येणाऱ्या मावशींनाही कॅमेरा कुठे आहे ते सांगायला हवं. आणि आपला कॅमेरा शेजारणीच्या मोरीकडे किंवा तिच्या खिडकीत बघत नाही ना, हेही एकदा पडद्यावर तपासा.

चेहरा नीट दिसायला कॅमेरा साधारण आठ-दहा फुटांवर असावा. फार उंच लावला तर नुसती डोकी दिसतात. सकाळ-संध्याकाळचं ऊन थेट भिंगात येणार नाही असं तोंड ठेवा. चित्रण साठवणारी पेटी, म्हणजे डीव्हीआर, बरेच जण टीव्हीखाली ठेवतात. चोर तीच आधी उचलतो! ती हवा खेळती राहील अशा कुलूपबंद जागी हवी. एक टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये चार कॅमेऱ्यांचं साधारण आठवडा ते पंधरवड्याचं चित्रण मावतं, मग जुनं आपोआप पुसलं जातं. म्हणून काही घडलं तर त्याच दिवशी प्रत काढून घ्या. पेटीतली तारीख-वेळही बरोबर ठेवा, पोलिसांना ती लागते. आणि आपल्याकडच्या लाइट जाण्याचं काय? कॅमेरे, डीव्हीआर आणि वायफायचा राउटर इन्व्हर्टरवर नसतील तर अंधारात सगळा खेळ बंद.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पासवर्ड. कॅमेरेवाला जायच्या आधी त्याच्यासमोर तो बदला. त्याच्या मोबाइलमध्ये आपलं घर दिसत राहता कामा नये. नाहीतर चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या! नवा पासवर्ड लांबलचक असावा. नाव, जन्मतारीख, गाडीचा नंबर यातलं काही नको. आणि तो फक्त भाऊजींना आणि मुलाला नाही, तुम्हालाही माहीत हवा. कॅमेरा तुमच्याही मोबाइलवर दिसायला हवा. घर दिवसभर सांभाळणारी बाईच त्या पडद्यावर फक्त दिसत असेल आणि तिला स्वतःला काहीच बघता येत नसेल, तर त्याला सुरक्षा कसं म्हणायचं?

कुणी चोरून चित्रण केलं किंवा पसरवलं, तर लाजून गप्प बसू नका. बाईचं तिच्या खासगी क्षणी असं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद होऊ शकते. तक्रारीसाठी जवळचं पोलीस ठाणं आहे आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांकही. लाज वाटायची ती चित्रण करणाऱ्याला, तुम्हाला नव्हे.

वहिनींना मी हे सगळं सांगितलं. परवा त्यांच्याकडे गेले, तर बोळातला कॅमेरा काढून परसदारी लावलेला. हॉलमधल्यावर वहिनींनी क्रोशाचा रुमाल टाकून ठेवलाय. "ह्यांच्याशी बोलणं चाललंय," म्हणाल्या, आणि निवांत सोफ्यावर पाय पसरून बसल्या. पुढच्या वेळी तुमच्याकडे कॅमेरेवाला आला, तर चहा दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. तुम्ही हॉलमध्ये बसा!