तांदळाच्या डब्यातली स्ट्रिप

अँटॉप हिलच्या आमच्या सरकारी वसाहतीत एका सुनेला दिवस राहिले आणि सासूबाईंनी तिच्या डिप्रेशनच्या गोळ्या बंद करायला लावल्या. उरलेली स्ट्रिप तिने तांदळाच्या डब्यात खुपसली. फेकवेना, घेववेना. आठवड्याभरात झोप उडाली, गरगरायला लागलं, जेवणावरची वासना गेली.

सासूबाईंची भीती अगदीच खुळी नाही. यातल्या बऱ्याच गोळ्या सेरोटोनिनवर काम करतात. व्हॉट्सॲपवाले त्याला ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात, पण बाळाच्या मेंदूत ते आधी मुकादमाचं काम करतं. कुठल्या चेतापेशीने कुठे जायचं, किती फांद्या फोडायच्या, कोणाशी जोडून घ्यायचं, यात त्याचा हात असतो. त्याचे हुकूम झेलणारे रिसेप्टर १४ तऱ्हांचे. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने उंदरांची पिल्लं पहिले दोन आठवडे रोज ३ तास आईपासून दूर ठेवली. मोठेपणी ती बिचकी झाली. त्याच कोवळ्या दिवसांत २ए आणि २सी हे रिसेप्टर औषधाने रोखले, तेव्हा ती भीती रुजली नाही. २००४ साली अमेरिकेतल्या प्रयोगात पिल्लांना फ्लुओक्सेटिन हे डिप्रेशनचं औषध दिलं, तर तीही पुढे घाबरट निघाली.

मग गोळी बंदच करायची? नाही. ती उंदरं होती, आणि त्यांच्या आईला आजार नव्हता. इथे आईच आजारी आहे. ती जेवत नाही, झोपत नाही, याची झळ पोटातल्या जिवालाही लागते. बाळंतपण वेळेआधीही होऊ शकतं.

म्हणून बायांनो, गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि मेडिकलवाल्याला विचारून सुरूही करू नका. मूल हवंय असं ठरलं की तेव्हाच मानसोपचाराच्या डॉक्टरांना सांगा. दिवस आधीच राहिले असतील तर आजच जा. बाळंतपणाच्या डॉक्टरांना स्ट्रिप दाखवा, लाजू नका. ते गोळी तीच ठेवतील, बदलतील किंवा डोस कमी-जास्त करतील. दुखणं हलकं असेल तर कधी नुसत्या समुपदेशनावरही भागतं. सायन आणि केईएम रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. रात्रीबेरात्री जीव घाबरला तर टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

आणि गोळीऐवजी केळी खा म्हणणाऱ्यांचं काय? केळ्यांत सेरोटोनिन असतं खरं, पण ते पोटातून मेंदूत शिरत नाही. खा खुशाल, फक्त गोळीच्या बदली नको.

जाताना सासूबाईंना सोबत न्या. डॉक्टर काय म्हणतात ते त्यांच्याच कानांनी ऐकू द्या.