गाईच्या रक्ताचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने गाईच्या रक्तावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेली आमची संकरित गाय मेली आणि हप्ते मात्र मागे राहिले, तेव्हापासून हा विषय मला परका राहिलेला नाही.

गाईला ताप आला, खांद्यापुढची गाठ सुजली. डॉक्टरांनी कानाच्या शिरेतले रक्त काचपट्टीवर घेऊन तपासले आणि थायलेरिया सांगितला. हा परजीवी गोचिडांमार्फत येतो. इंजेक्शन दिले, ताप उतरला, आम्ही निश्चिंत झालो. पण गाय उठेना. पापणी आतून पांढरीफटक पडली होती. आठवड्यात ती गेली. “औषध लागू पडलं होतं ना रे?” हा आईचा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना.

उत्तर आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी दिले. परजीवी स्वतः तांबड्या पेशी बिघडवतो, हे खरे. पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. त्याच्याशी लढताना शरीरातल्या पांढऱ्या पेशी प्राणवायूची उग्र रूपे बाहेर टाकतात. त्यांची झळ निरोगी तांबड्या पेशींनाही बसते. पेशीच्या आवरणातील स्निग्धांशाचे ऑक्सिडीकरण होते, आवरण ताठर व ठिसूळ बनते आणि प्लीहा अशा पेशी मुदतीआधीच मोडीत काढते. ग्लुटाथायोन, कॅटलेज ही पेशीची शिल्लक गंगाजळी, तीही आटते. तांबड्या पेशीला केंद्रक नसल्यामुळे ही तूट ती स्वतः भरून काढू शकत नाही. म्हणजे परजीवी मेला तरी त्याने करून ठेवलेले देणे फिटलेले नसते.

माझे म्हणणे इतकेच आहे. गाईसाठी कर्ज मागताना आपण जो अंदाजपत्रकाचा कागद भरतो, त्यात गाईची किंमत, चारा, पेंड आणि दुधाचे उत्पन्न असते. गोचीड निर्मूलन, रक्ततपासणी आणि आजारानंतरची शुश्रूषा यांचा रकाना आमच्या कागदात नव्हता. देशी जनावरे या रोगाला बरीच दाद देत नाहीत. संकरित गाय मात्र लवकर बळी पडते. मग जास्त दुधाचा आकडा जमेला धरून हा धोका खर्चात न धरणे हा कुठला हिशेब?

गोचीड जनावराला रोग देते हे स्मिथ आणि किलबोर्न यांनी अमेरिकेतल्या गुरांवरील प्रयोगांतून 1893 मध्येच दाखवून दिले. थायलेरियाची प्रतिबंधक लसही आपल्या देशात तयार झाली. तरी आमच्या गोठ्याच्या भिंतीतल्या भेगा, जिथे गोचीड दडते, त्या आम्ही गाय गेल्यावर लिंपल्या.

आपण गोचीड म्हणतो, शेजारचे कन्नड बांधव उण्णी म्हणतात. गाईचे रक्त दोन्ही गोठ्यांत सारखेच जाते. म्हणून गाय दाराशी आणण्याआधी भिंती लिंपा, आणि ताप उतरला तरी पापणी उलटून पाहा.

— बी. कॉम. तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी