पडून राहिलेली मोटारसायकल : आधी थांबली पाहिजे, मग धावली पाहिजे



बैल घ्यायचा म्हटले की आपण दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि खांद्यावर जू ठेवून पाहिल्याखेरीज इसार देत नाही. जुन्या मोटारसायकलीच्या बाबतीत मात्र हाच शहाणा माणूस एक किक मारतो आणि इंजिन धडधडले की "गाडी जिवंत आहे" म्हणून खिशात हात घालतो. इंजिन चालू झाले म्हणजे गाडी सुरक्षित झाली, असे नव्हे. इंजिन बंद पडले तर फार तर चालत घरी यावे लागेल. ब्रेक लागला नाही तर घरी कोण येईल, हे सांगता येत नाही.

डोंबिवलीजवळचे कोपर घ्या. दिवा आणि डोंबिवली यांच्यामधले हे स्टेशन. खालून मध्य रेल्वेची मुख्य लाइन जाते, वरून दिवा-वसईची, आणि जवळच उल्हास नदीची खाडी. घरचा मुलगा लोकलने कामावर जाऊ लागला की हौसेने घेतलेली हीरो होंडा जिन्याखाली नाहीतर पडवीच्या कडेला उभी राहते. दोन-तीन पावसाळे आणि खाडीची खारी हवा खाऊन ती गंजते. मग एखाद्या लग्नकार्यात मुरबाड-शहापूरकडचे पाहुणे येतात, आणि मेव्हणा म्हणतो, "दाजी, पडूनच आहे, तुम्ही न्या. डेअरीला दूध घालायला होईल." अशी गाडी टेम्पोत घालून गावी नेणारे पुष्कळ आहेत. हा सौदा वाईट नाही. फक्त कामाचा क्रम बरोबर हवा, म्हणून आजचा लेख त्या क्रमाने लिहिला आहे.

एकेकाळी खेड्यात राजदूत आणि येझदी यांचा दरारा होता. म्हैसूरचा जुना येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, राजदूतही पुढे निघेनाशी झाली. या गाड्यांचे सुटे भाग शोधावे लागतात. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, आणि कमी पेट्रोल पिणारी चार-स्ट्रोक गाडी घरोघर पोहोचली. तिचे भाग आजही तालुक्याच्या गावी मिळतात. पहिल्यांदाच असे काम हाती घेणाऱ्याने अशीच गाडी निवडावी. खालची मापे स्प्लेंडरच्या जातीच्या गाडीची आहेत. दुसरी गाडी असेल तर तिचे पुस्तक पाहावे.

प्रथम कागद

पान्हा हातात घेण्यापूर्वी आर. सी. बुक हातात घ्यावे. त्यातला इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवावा. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला दिसला तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे नूतनीकरणासाठी फॉर्म २५ भरून गाडी आर. टी. ओ. कडे दाखवावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ हवा. मूळ मालक वारला असेल तर वारसाने तीस दिवसांत कळवावे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ द्यावा असा नियम आहे. वडिलांच्या नावावरची गाडी वर्षानुवर्षे तशीच चालवणारी घरे अनेक आहेत. त्यांनी हे काम पुढे ढकलू नये, कारण अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न कागदांचाच काढते. थकलेले ऑनलाइन दंडही आधीच पाहून घ्यावेत. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते, ते लक्षात असावे. तिसऱ्या पक्षाचा विमा आणि पी. यू. सी. झाल्याखेरीज गाडी रस्त्यावर काढू नये.

ब्रेक

गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी आणि दोन्ही चाके काढावीत. पुष्कळ जण बाहेरून नट पिळून ब्रेक "टाइट" करतात. पडून राहिलेल्या गाडीत एवढ्याने भागत नाही. ओल शिरल्यामुळे ब्रेक शूवरचा लायनर चिकटवलेल्या जागेपासून सुटू शकतो. वरून जाड दिसतो, पण जोरात ब्रेक दाबला की सुटून ड्रममध्ये अडकतो आणि चाक जागच्या जागी जाम होते. म्हणून लायनर नखाने उचकून पाहावा. सुटत असेल, तडकला असेल, तेलकट झाला असेल किंवा दोन मिलिमीटरपर्यंत झिजला असेल तर जोडी बदलावी. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे.

ब्रेक उघडणारी कॅमची पिन गंजून अडकलेली असते. ती बाहेर काढून, पॉलिश पेपरने घासून, बोटाच्या टोकाएवढेच ग्रीस लावावे. ग्रीस जास्त झाले तर ते लायनरवर जाते.

चाक परत बसवताना दोन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात, दुसऱ्याच्या शब्दावर सोडू नयेत. पुढच्या ब्रेक प्लेटची खाच शॉकअपच्या नळीवरच्या उंचवट्यात बरोबर बसली पाहिजे. मागच्या ब्रेक प्लेटला धरून ठेवणाऱ्या दांडीचा नट आणि त्यातली पिन जागेवर असली पाहिजे. यातले एक जरी चुकले तर ब्रेक दाबताच सगळी प्लेटच चाकाबरोबर फिरते. ही पिन अगदी कमी किमतीची, पण तिच्याऐवजी तार वळवून घालू नये.

पुढच्या ब्रेकची आणि क्लचची केबल मुठीपाशी वाकवून पाहावी. एक जरी तार तुटलेली दिसली तर केबल नवी घालावी. बसवल्यावर मुठीला एक ते दोन सेंटिमीटर आणि पायाच्या ब्रेकला दोन ते तीन सेंटिमीटर ढील ठेवावी. ढील अजिबात नसेल तर ब्रेक घासत राहतो आणि तापतो.

टायर, बेअरिंग, हँडल

टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नये. उभ्या गाडीचा टायर झिजत नाही, वाळतो. त्याच्या बाजूला चार आकडी खूण असते. २३१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला आहे. पाच-सहा वर्षांवरचा आणि बगलेत भेगा पडलेला टायर, नक्षी कितीही चांगली असली तरी काढून टाकावा. त्याबरोबर ट्यूब आणि रिमवरची रबरी पट्टीही बदलावी. आऱ्या एकेक करून पान्ह्याने वाजवून पाहाव्यात. बद्द वाजणारी ढिली असते. हवा पुढे २५ पौंड, मागे एकट्यासाठी २८ आणि मागे माणूस असेल तर ४१ पौंड.

चाक हाताने फिरवून पाहावे. खरखर ऐकू आली किंवा आडवे हलले तर बेअरिंग गेले. नंतर पुढचे चाक उचलून हँडल सावकाश या कडेपासून त्या कडेपर्यंत वळवावे. मध्यभागी खटकन थांबल्यासारखे वाटले तर कोनसेट खराब आहे. अशी गाडी सरळ रस्त्यावरही डोलते. शॉकअपच्या नळीवरून तेल ओघळलेले दिसले तर सील बदलावे, कारण ते तेल खाली ब्रेकवर उतरते.

चेन डिझेलच्या ब्रशने धुऊन, कोरडी करून तेल घालावे. मधोमध वर-खाली दोन ते तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. कड्या आखडल्या असतील किंवा चक्राचे दात टोकदार झाले असतील तर पूर्ण चेनकिटच घ्यावा. जुन्या चक्रावर नवी चेन टिकत नाही.

दिवे आणि साडीची जाळी

जुन्या स्प्लेंडरसारख्या गाडीत एक फसवी गोष्ट आहे. बॅटरी पूर्ण मेली तरी गाडी किकने सुरू होते आणि इंजिनच्या जोरावर पुढचा दिवाही लागतो. त्यामुळे चालवणाऱ्याला सगळे ठीक वाटते. पण हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक दाबल्यावर मागे पेटणारा दिवा बॅटरीवर चालतात. आपण थांबतो आहोत हे मागच्या ट्रकला कळतच नाही. म्हणून बॅटरी नवी घालावी. उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का ते सीटखाली पाहावे. कुरतडलेली वायर नुसती पिळून चिकटपट्टी लावून चालवू नये, आणि फ्यूजच्या जागी तार घालू नये. तिथून आग लागते.

मागे बसणाऱ्या भगिनींसाठी मागच्या चाकाला जाळी, धरायला कडी आणि पाय ठेवायला पायटा हवा, असे कायदाच सांगतो. जुन्या गाडीची जाळी काढून टाकलेली असते किंवा गंजून गळून पडलेली असते. साडीचा पदर चाकात जाऊन होणारे अपघात गावोगाव ऐकू येतात. गाडीला रंग देण्याआधी जाळी बसवावी.

शेवटी इंजिन

टाकीतले जुने पेट्रोल चूल, बिडी आणि देवाचा दिवा यांपासून दूर, उघड्यावर काढावे. ते विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नये. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल ओढून घेते, मग टाकीच्या तळाशी पाणी साचते आणि गंज धरतो. टाकीत थोडे डिझेल आणि मूठभर छोटे नट घालून हलवावे, गाळून काढावे आणि शेवटी पेट्रोलने विसळावे. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, चिरतात, म्हणून नळी नवी घालावी. नळीत छोटा फिल्टर बसवला तर उरलासुरला गंज कार्बोरेटरपर्यंत जात नाही. कार्बोरेटर उघडून जेट हवेने साफ करावा, त्यात तार घालू नये. छिद्र मोठे झाले की गाडी पेट्रोल पिऊ लागते. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचे घरटे आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीचे मातीचे घर हमखास सापडते, तेही काढावे.

प्लग काढून त्याच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी प्लग न लावता किक हळू हळू दाबावी. अडत असेल तर जोर करू नये, मिस्त्रीला दाखवावे. खालचे जुने ऑइल काढून पाहावे. दुधासारखे पांढुरके असेल तर आत पाणी गेले आहे. नवे ऑइल काठीवरच्या वरच्या खुणेपर्यंतच भरावे. मग गाडी सुरू करावी, तीही अंगणात. बंद गोठ्यात इंजिन चालवले तर त्याचा धूर माणसाला आणि जनावराला, दोघांनाही मारू शकतो. पहिला पांढरा धूर थोड्या वेळात ओसरला तर ती ओल होती. निळा धूर थांबतच नसेल तर इंजिन ऑइल जाळत आहे आणि मोठा खर्च पुढे उभा आहे.

पहिली फेरी आणि खर्चाचा हिशोब

मोकळ्या मैदानात आधी माणसाच्या चालीने, मग सायकलच्या वेगाने गाडी चालवून प्रत्येक वेळी ब्रेक दाबून पाहावा. नवे लायनर ड्रमवर बसायला काही दिवस लागतात. तोवर घाट, भरलेल्या किटल्या आणि मागे माणूस, तिन्ही टाळावे. शंभर किलोमीटर झाले की आऱ्या, चेन आणि सगळे नट पुन्हा आवळावेत. डोक्यावर आय. एस. आय. शिक्क्याचे हेल्मेट असावे, आणि ते दोन असावीत. मागे बसणारे डोकेही आपल्याच घरचे असते.

सौदा ठरवण्यापूर्वी टायर-ट्यूब, ब्रेक शू, केबल, चेनकिट, बॅटरी, कोनसेट, ऑइल, विमा आणि आर. टी. ओ. चे शुल्क अशी यादी कागदावर मांडावी. दुकानात प्रत्येकाचा भाव विचारून बेरीज करावी आणि ती गाडीच्या किमतीत मिळवावी. बेरीज चालत्या गाडीच्या भावापुढे गेली किंवा चासी वाकलेली, जोडलेली दिसली तर मेव्हण्याचे आभार मानून गाडी तिथेच सोडावी. अशी गाडी मान्यताप्राप्त भंगार केंद्रात देऊन तिची नोंदणी रद्द करून घेणे मालकाच्याही हिताचे असते. तिच्यावर उद्या कोणी काही केले तर नाव त्याचेच निघते.

आणि पैसे पुरे पडत नसतील तर रंग थांबवावा, सीट कव्हर थांबवावे, टाकीवरचे चित्र थांबवावे. गंजलेली टाकी घेऊन डेअरीला गेले तर फार तर चार माणसे हसतील. ब्रेक, टायर आणि मागचा दिवा मात्र उधारीवर ठेवू नयेत. त्यांची वसुली रस्त्यावरच होते.