गल्लीबोळांतली घरे

दिवाळीच्या आधीच्या रविवारी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ज्याने पाऊल ठेवले असेल, त्याला आजचे इंटरनेट कसे असते हे निराळे समजावून सांगायला नको. चारी बाजूंनी हाका, डोळ्यांपुढे पाट्या, हातात कोंबलेले जाहिरातींचे कागद. घरून निघालेलो असतो पणत्या आणायला आणि परततो तो तिसऱ्याच वस्तूचा खोका काखेत मारून! पण त्याच रस्त्यावरून दहा पावले आत वळावे, की बोळ लागतो. तिथे ओट्यावर एखादे आजोबा जुने घड्याळ उघडून बसलेले असतात. ते तुम्हांला बोलावीत नाहीत. आपण होऊन थांबलात तर मात्र तासभर सोडीत नाहीत.

इंटरनेटलाही असे बोळ आहेत. ह्या सदरात एरवी मी पुस्तकांविषयी लिहितो. यंदा दिवाळीनिमित्त ह्या बोळांतली दोनतीन घरे वाचकांना दाखवावी म्हणतो.

‘घर’ हा शब्द मी उगाच वापरीत नाही. टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत जगातली पहिली वेबसाइट उघडली, तेव्हा तिथे विकण्याजोगे काहीच नव्हते. पुढे अमेरिकेत जिओसिटीज नावाची कंपनी निघाली. ती लोकांना आपापली पाने मांडायला चकटफू जागा देई आणि तिने चक्क आळ्या पाडल्या होत्या. सिनेमावेड्यांची आळी ‘हॉलिवुड’, संगणकवाल्यांची ‘सिलिकॉन व्हॅली’, शास्त्रविज्ञानाची ‘केप कॅनाव्हेरल’. प्रत्येक घराला नंबरसुद्धा! १९९९ साली याहूने ही सारी वसाहत विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरात तिच्यावरून नांगर फिरवला. काही हौशी माणसांनी रात्रंदिवस खपून जमेल तेवढी पाने उतरवून घेतली, म्हणून तिचे अवशेष तरी आज पाहायला मिळतात.

पण सगळेच काही तिथे राहत नव्हते. आमच्या चिरंजीवांच्या सायकलचे मागचे चक्र गेल्या पावसाळ्यात सटकू लागले. शोधयंत्रात विचारले, तर पहिली दोन पाने नुसती विक्रेत्यांची. दुरुस्ती हा शब्दच जणू त्यांच्या कोशात नाही. शेवटी वर्गातल्या एका विद्यार्थ्याने पत्ता दिला, “सर, हे बघा. जुनाट दिसतं, पण सगळं आहे.” ते घर होते शेल्डन ब्राऊन ह्या अमेरिकन गृहस्थांचे. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावी एका सायकलच्या दुकानात ते काम करीत. तार कशी ताणावी, साखळी केव्हा बदलावी, ब्रेक का किंचाळतो, असे सायकलीविषयी माणसाला जे जे माहीत असू शकते ते सर्व त्यांनी लिहून ठेवले. शिवाय सायकलीच्या परिभाषेचा एक अकारविल्हे कोश. आम्हां भाषेच्या मास्तरांना कोश दिसला की चक्राचा विसर पडतो! नेमकी व्याख्या आणि मधूनच एखादी मिस्किल कोपरखळी, असे त्याचे रूप आहे. पुढे मज्जासंस्थेच्या विकाराने त्यांना दुचाकी चालवणे अशक्य झाले, तेव्हा ते तीनचाकीवर बसू लागले. २००८ च्या फेब्रुवारीत ते वारले. ज्या दुकानात ते काम करीत, तेही २०२१ साली बंद झाले. साइट मात्र त्यांच्या पत्नीने आणि मित्रांनी चालू ठेवली आहे. चिरंजीवांची सायकल तिच्याच आधाराने, चौदा रुपयांत, घरी दुरुस्त झाली.

दुसरे घर एका विदुषींचे. फ्रान्सेस प्रिचेट ह्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या बाई. त्यांनी गालिबचा उर्दू दिवाण, दोनशे चौतीस गझला, शेरागणिक एकेक पान करून मांडला आहे. उर्दू, देवनागरी, रोमन अशा तिन्ही लिप्यांत शेर, खाली जुन्या टीकाकारांनी लावलेले अर्थ आणि शेवटी बाईंचे स्वतःचे मत. टीकाकार एकमेकांशी भांडत असतात आणि बाई कधी एकाची बाजू घेतात, कधी सगळ्यांनाच बाजूला सारतात. अर्थ एकच असतो, तो गाईडात मिळतो, असा आमच्या विद्यार्थ्यांचा दृढ समज आहे. तो घालवायला ह्यापरते औषध मला ठाऊक नाही.

त्याच घरातल्या दुसऱ्या दालनात गेलो आणि थबकलो. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ ह्या काळात कोलंबियात शिकले, ह्या नात्याने बाईंनी त्यांचे ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ परिच्छेदांना क्रमांक घालून तिथे ठेवले आहे आणि ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे आत्मकथनही. त्यातला पहिलाच प्रसंग १९०१ सालचा. लहानगा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघून मसूर स्टेशनावर उतरतो, न्यायला कोणी आलेले नसते, आणि जात कळताच गाडीवाले गाडी द्यायला कां-कूं करतात. मी साताऱ्याकडचा. त्या स्टेशनावरून किती वेळा गेलो असेन ह्याची गणती नाही. ते नाव मला न्यूयॉर्कच्या एका साध्या, चित्रविरहित पानावर वाचायला मिळाले.

ही घरे सापडतात कशी? पूर्वी ‘वेबरिंग’ असे. एकाच छंदाच्या साइटी परस्परांना साखळीने जोडलेल्या, हळदीकुंकवाला निघालेली बाई जशी ह्या घरातून त्या घरात जाते तसे जायचे. अजूनही कुठे कुठे ती साखळी टिकून आहे. मार्जिनालिया नावाचे एक शोधयंत्र स्वीडनमधल्या एका गृहस्थाने एकट्याने रचले आहे. ते मजकूर भरपूर आणि भपका कमी अशीच पाने पुढे करते. २०१३ साली निघालेल्या निओसिटीजवर तर नवी पिढी पुन्हा हौसेने घरे बांधते आहे. सगळीच काही पाहण्याजोगी नाहीत. काळ्या भिंतीवर पिवळी अक्षरे आणि मांजरांची चित्रे, असा मामला पुष्कळ. पण उत्तम मार्ग जुनाच आहे: जे घर आवडले त्याच्या मालकाने शेजाऱ्यांचे पत्ते दिलेले असतात, तिकडे वळावे.

अशा घरांना एक भय असते. माझे एक ज्येष्ठ सहकारी वीस वर्षे शेतीच्या अवजारांचे शब्द गोळा करीत होते. रुमणे, शिवळ, नाडा, थारोळे असे आठनऊशे शब्द त्यांनी स्वतःच्या साइटवर चढवले होते. २०२१ साली, करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. साइटच्या नावाचे वार्षिक भाडे भरायचे असते हे घरी कोणाला ठाऊक नव्हते. पुढे कधीतरी मी सहज ते पान उघडले, तर तिथे झटपट कर्जाची जाहिरात!

सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्हचे ‘वेबॅक मशीन’ जगभरच्या पानांच्या नकला साठवून ठेवते. तिथे जुना पत्ता घातला. ‘अ’पासून ‘ब’पर्यंतची पाने निघाली, पुढची नाहीत, चित्रे बहुतेक गळालेली. ती पाने घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, “भाऊजी, हे रात्री जागून काय करत बसतात, म्हणून मी किती बोलले असेन ह्यांना!” मग आत जाऊन त्यांनी ट्रंकेतल्या अकरा वह्या आणून दिल्या.

आता दर शनिवारी दुपारी दोन विद्यार्थिनी तिथे बसून ‘भ’पासून पुढचे शब्द टंकतात. नावाचे भाडे ह्या खेपेस आम्ही पाच वर्षांचे भरले आहे, आणि ते कोणाच्या हवाली करायचे हेही कागदावर लिहून ठेवले आहे. मागच्या आठवड्यात ‘मोट’ हा शब्द आला. वहीत लिहिले होते, नाडा म्हणजे मोटेचा दोर. वहिनी चहा ठेवता ठेवता स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, “एक दोर कसा असेल गं? जाड तो नाडा, अन् सोंडेला बांधायचा बारका तो सोल. माझ्या माहेरी मोट होती.” मुलींनी ‘सोल’ लिहून घेतला आणि पुढे कंसात ‘वहिनी’ असे टंकले.