राखून ठेवलेला डाव

बारामती-इंदापूर भागात नेतृत्वाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक डाव राखून ठेवतो. पारावर येतं, कारखान्याच्या गेटवर येतं, सोसायटीच्या निवडणुकीत तर येतंच येतं. गेल्या काही वर्षांत ते तालमीतून उठून थेट प्रचारसभांच्या व्यासपीठावर गेलं आणि त्यावर भरपूर शिट्ट्याही पडल्या. आता शाळकरी पोरंसुद्धा मोठं शहाणपण सांगावं तसं ते बोलून दाखवतात.

मला ते पटत नाही. ज्या प्रशिक्षकांनी खरोखर मोठे खेळाडू घडवले त्यांच्याकडे बघितलं, तर नेमकं उलटं दिसतं. त्यांनी काही राखलं नाही, आणि त्यांचं मोठेपण तिथेच आहे.

गोष्ट मुळात फार जुनी आहे. फारसी कवी सादी याच्या १२५८ सालच्या ‘गुलिस्तान’मध्ये ती येते. एका मल्लाला ३६० डाव येत होते. लाडक्या शिष्याला त्याने ३५९ शिकवले, शेवटचा शिकवायला मात्र टाळाटाळ केली. पोरगा अंगापिंडाने भरला, नाव झालं, आणि एक दिवस राजासमोर बोलून बसला की गुरूचा मान मी वयामुळे ठेवतो, ताकदीत मी काही कमी नाही. राजाने दोघांची जोड लावली. गुरूने राखलेला डाव टाकला, पोरगा आपटला, राजाने गुरूला इनाम दिलं.

साडेसातशे वर्षं आपण गुरूच्या हुशारीला दाद देतोय. पण पुढे काय झालं असेल, याचा हिशेब कुणी मांडत नाही. गुरू गेला तेव्हा त्याच्याबरोबर तीनशेसाठावा डाव गेला. शिष्य पुढे वस्ताद झाला असेल आणि त्यानेही गुरूचं बघून एक राखला असेल, तर त्याच्या पोरांना ३५८ मिळाले. त्यांच्या पोरांना ३५७. तालीम अशीच रिकामी होत जाते. त्यात वाईट याचं वाटतं की हे सगळं गुरूच्या नावाने, गुरूचं कौतुक करत घडतं.

वस्तादाची भीती अगदीच निराधार नव्हती, हे मान्य करायला हवं. राजाश्रयाच्या काळात मल्लाची भाकरी त्याच्या अजिंक्य असण्यावर होती. हरला की खुराक बंद. अशा माणसाने एखादा डाव पदराआड ठेवला तर त्याला दोष देणं अवघड आहे. पण आज तो काळ नाही. आज मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, गुणांवर निकाल लागतो आणि प्रत्येक लढत कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असते. तुमचा ढाक कसा बसतो, एकेरी पट कुठल्या पायाने काढता, हे प्रतिस्पर्ध्याने आदल्या रात्री चार वेळा बघितलेलं असतं. गुपित डाव एका कुस्तीपुरता टिकतो. त्यानंतर टिकते ती फक्त तालीम.

ती कशी टिकते हे बघायचं तर पुण्यातली गोकुळ वस्ताद तालीम बघा. लातूर जिल्ह्यातले हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. १९७७ साली बेळगावात त्यांनी सतपालला हरवलं. जुने शौकीन ती कुस्ती अजून रंगवून सांगतात. पण बिराजदार मामांचं खरं काम त्यानंतरचं. गोकुळमध्ये त्यांनी पोरं घडवली. त्यातले एक काका पवार, पुढे अर्जुन पुरस्काराचे मानकरी. दुसरा पाटोद्याहून आलेला राहुल आवारे. २०११ साली मामा गेले तेव्हा राहुल ऐन उमेदीत होता. त्या वयात वस्ताद गेला की अनेक मल्ल भरकटतात. राहुल सावरला, कारण मामांनी दिलेलं सगळं शिल्लक होतं आणि ते पुढे नेणारा माणूसही मामांनीच तयार करून ठेवला होता. काका पवारांनी त्याला हाताशी घेतलं. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलने ५७ किलो गटात सुवर्ण जिंकलं आणि ते आपल्या गेलेल्या गुरूला अर्पण केलं. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेचं कांस्य आलं. गुरू जाऊन सात वर्षं झाल्यावर शिष्य सुवर्ण जिंकतो, याला मी नेतृत्व म्हणतो. संचालक मंडळाच्या अहवालात त्याला रकाना नसतो, एवढंच.

काका पवारांनी कात्रजजवळच्या आपल्या संकुलात हाच वारसा चालवला. ७ जानेवारी २०२० ची रात्र कुस्तीशौकिनांना आठवत असेल. बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत : हर्षवर्धन सदगीर विरुद्ध शैलेश शेळके. दोघेही काकांचेच पठ्ठे. एकाच मातीत घोळलेले, एकमेकांचा प्रत्येक डाव ओळखणारे, रोज सकाळी एकमेकांबरोबर सराव करणारे. वस्तादाने एकासाठी एखादा डाव बाजूला ठेवला असता तर तो त्या रात्री सगळ्या महाराष्ट्रासमोर उघडा पडला असता. लढत ३-२ अशी सुटली. हर्षवर्धन जिंकला आणि त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. गदा एकाला मिळाली तरी दोघांच्या मनात किल्मिष राहिलं नाही. ज्या घरात सगळ्यांना सारखं वाढलं जातं तिथेच हे होऊ शकतं.

क्रिकेटमध्येही अगदी अशीच एक लढत झाली आहे, आणि तिच्याकडे फारसं लक्ष गेलेलं नाही. जून २०२२, बंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम, रणजीची अंतिम लढत, मुंबई विरुद्ध मध्य प्रदेश. मध्य प्रदेशचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. दोघेही रमाकांत आचरेकर सरांचे विद्यार्थी. सर जाऊन तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती. मध्य प्रदेशने सहा गडी राखून सामना जिंकला आणि पहिल्यांदाच रणजी करंडक उचलला. पंडितांच्या डोळ्यांत पाणी होतं. १९९९ साली याच मैदानावर, याच मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून ते कर्नाटकाकडून अंतिम सामना हरले होते. मधल्या काळात त्यांनी विदर्भाला लागोपाठ दोन वेळा रणजी जिंकून दिली. विदर्भाने त्याआधी ती कधीच जिंकलेली नव्हती.

पंडित कडक आहेत. आयपीएलमध्ये कोलकात्याचे प्रशिक्षक असताना त्यांच्या पद्धतीबद्दल एका परदेशी खेळाडूने जाहीर नाराजी व्यक्त केली. त्याच हंगामात, २०२४ मध्ये, कोलकाता विजेता ठरला. आपल्याकडे अशा माणसाकडून लोक नेमका दरारा तेवढा उचलतात. साहेब केबिनमध्ये आले की सगळे उभे राहतात, याचं आपल्याला भारी अप्रूप. पण पंडितांचा दरारा पहाटेच्या सरावाला स्वतः आधी हजर राहण्यातून येतो, आणि तो नागपूर-इंदूरच्या नवख्या पोरांना मुंबईपुढे ताठ उभं करण्यासाठी वापरला जातो. दरारा स्वतःची खुर्ची सांभाळण्यासाठी आहे की समोरच्याला उभं करण्यासाठी, हे एकदा तपासलं की माणूस कळतो.

त्या दिवशी हरलेल्या मुजुमदारांबद्दल मात्र जरा थांबून बोललं पाहिजे. १९८८ साली हॅरिस शिल्डमध्ये सचिन आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पॅड बांधून पुढच्या क्रमांकाची वाट बघत बसलेला मुलगा म्हणजे अमोल. पुढे रणजी पदार्पणात त्याने २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा जमवल्या, आणि भारताची टोपी एकदाही मिळाली नाही. माझ्या वाट्याला आलं नाही ते दुसऱ्याच्या वाट्याला का येऊ द्यायचं, असा विचार करायला या माणसाकडे पुरेपूर कारण होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला.

२०२५ च्या विश्वचषकात संघ लागोपाठ तीन सामने हरला. तिसरा इंदूरला, इंग्लंडकडून फक्त चार धावांनी. त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये मुजुमदार रोखठोक बोलले. कर्णधार हरमनप्रीतने पुढे सांगितलं की त्या वेळी ती स्वतः गप्प राहिली, सर बोलले, आणि सगळ्यांनी ते चांगल्या अर्थाने घेतलं. डावासारखंच खरं बोलणंही राखून ठेवलं जातं. किती घरांत, किती ऑफिसांत, किती पक्षांत ते राखलं जातं, हे तुम्हाला सांगायला नको. तोंडावर गोड, पाठीमागे हिशेब. मुजुमदारांनी जे बोलायचं ते तिथेच, सगळ्यांसमोर, वेळ हातात असताना बोलून टाकलं.

३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. महिलांच्या एकदिवसीय सामन्यांत एवढा पाठलाग तोवर कुणीच यशस्वी केला नव्हता. मध्यंतरात मुजुमदारांनी फळ्यावर लिहिलं ते इतकंच की अंतिम फेरीसाठी त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी. लांबलचक भाषण नाही. इंदूरच्या त्या सामन्यात संघाबाहेर बसलेली जेमिमा रॉड्रिग्ज तिसऱ्या क्रमांकावर आली आणि नाबाद १२७ धावा करून परतली. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून मुलींनी विश्वचषक जिंकला. हरमनप्रीत मैदानातच मुजुमदारांच्या पाया पडली. शिष्याने नम्र राहावं म्हणून डाव राखावा लागतो, असं म्हणणाऱ्यांनी ते दृश्य पुन्हा एकदा बघावं. ज्याच्याकडून सगळं मिळालं त्याच्यापुढे डोकं आपोआप वाकतं.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे येतो. कारखाने, दूध संघ, पतसंस्था, शिक्षण संस्था : इथे संस्था उभ्या करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. पण या संस्थांमध्ये राखून ठेवलेले डाव किती आहेत, हे आतल्या माणसांना विचारा. पॅनवर बसून काचेवर नमुना घेत साखरेचा दाणा ओळखणारा म्हातारा कारागीर निवृत्त होतो आणि त्याच्या हाताखाली दहा वर्षं काढलेल्या पोराला दाणा धरता येत नाही, कारण ऐन वेळी त्याला नेहमी चहा आणायला पाठवलेलं असतं. शाखाधिकारी कर्जाची फाइल कशी वाचायची ते क्लार्कला सांगत नाही. चिटबॉयला गावोगावच्या उसाची खडान्‌खडा माहिती असते, पण ती शेतकी ऑफिसच्या वहीत येत नाही, कारण वहीत आली की त्याची गरज संपेल असं त्याला वाटतं. मी कुणा एका संस्थेबद्दल बोलत नाही. हे सगळीकडे आहे, शाळेत आहे, वर्तमानपत्राच्या कचेरीतही आहे. आणि वरच्या माणसाने राखलं की खालचाही राखतो. वरिष्ठ संचालकाला आपला वारस उघडपणे तयार करायची भीती वाटत असेल, तर चिटबॉयने का धीर करावा?

खेळातही आपण एका बाजूनेच श्रीमंत आहोत. बारामतीच्या शरद पवारांनी क्रिकेटचं भारतीय मंडळ आणि आंतरराष्ट्रीय परिषद या दोन्हींचं अध्यक्षपद भूषवलं, राज्याच्या कुस्तीगीर परिषदेची धुरा अनेक वर्षं सांभाळली. इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे डिसेंबर २०२४ पासून २०२५ च्या जुलैअखेरपर्यंत राज्याचे क्रीडामंत्री होते. खेळाचं प्रशासन आपल्याला चांगलं माहीत आहे. पण पहाटे पाचला तालमीचं दार उघडून माती उकरणारा, पोरांच्या जोर-बैठका मोजणारा, दुधाच्या रतिबाचे पैसे कमी पडले तर स्वतःच्या खिशातून घालणारा वस्ताद, किंवा झेडपीच्या शाळेत सुट्टीच्या दिवशी खो-खोच्या मुली घेऊन थांबलेला शिक्षक, यांचा फोटो फ्लेक्सवर नसतो. पोरगं जिल्ह्यात चमकलं की ते पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या तालमीत जातं, आणि ज्याने पहिला पट शिकवला त्याचं नाव पुकारणाऱ्याच्या कागदावरही नसतं. अशा माणसाकडून आपण अपेक्षा धरतो की त्याने सगळं देऊन टाकावं.

म्हणून यात्रा कमिट्यांना माझी विनंती आहे. चैत्रात गावोगाव बैठका होतील, वर्गणी निघेल, कुस्त्यांच्या मैदानाचा खर्च ठरेल, शेवटच्या जोडीचं इनाम ठरेल. ते ठरवताना त्या जोडीच्या दोन्ही वस्तादांसाठी वेगळी रक्कम काढा. इनामाचा दहावा हिस्सा असली तरी चालेल, पण ती पत्रिकेवर छापा. कुस्ती सुटल्यावर, हलगी थांबायच्या आत, दोघांनाही मैदानात बोलवा. जिंकलेल्याच्या वस्तादाला आणि हरलेल्याच्याही. गावातल्या ज्या वस्तादाने त्या पोराला पहिल्यांदा लंगोट लावायला शिकवला तो हयात असेल, तर त्यालाही पुढे आणा आणि नाव माइकवरून पुकारा. पाकीट पाहुण्यांच्या हातून देऊ नका, पैलवानाच्या हातून द्या. एका गावाने यंदा हे केलं तर मला कळवा, त्या गावाचं नाव मी याच जागी आनंदाने लिहीन.