आधी खोली, मग खोका

हौसेला मोल नाही असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने काढली त्याने उंची ध्वनियंत्रणेचं दुकान पाहिलेलं नसावं. तिथे हौसेला अगदी नेमकं मोल आहे आणि ते दर फुटाच्या हिशेबाने लावलेलं असतं. स्पीकरला जोडायची तार हजारो डॉलरला मिळते. शुद्ध तांबं, त्याहून शुद्ध चांदी, वर रेशमाचं वेष्टण. आम्हा अमेरिकेतल्या देसी इंजिनियर मंडळींमध्ये या हौसेची लागण बरीच आहे. माझा मुद्दा असा की ही हौस चांगलीच आहे, पण तिचा पैसा आणि डोकं चुकीच्या जागी खर्च होतंय. आणि त्याची किंमत फक्त हौशी लोक मोजत नाहीत.

आधी तारेचा हिशेब करू, म्हणजे तो विषय एकदाचा संपेल. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या १२ गेज तांब्याच्या तारेचा रोध हजार फुटांना सुमारे १.६ ओहम असतो. स्पीकर दहा फुटांवर असेल तर जाऊन-येऊन वीस फूट तार, म्हणजे ०.०३२ ओहम. स्पीकर ८ ओहमचा. तारेत होणारी घट ०.०३ डेसिबलच्या आसपास येते. मान दोन इंच इकडेतिकडे केली की कानावर पडणाऱ्या आवाजात याच्या कितीतरी पट फरक पडतो. तारेत आणखीही गुणधर्म असतात हे मान्य, पण घरातल्या दहा फुटांत ते डोकं वर काढत नाहीत.

"पण मला फरक ऐकू येतो ना!" हे उत्तर ठरलेलं. ऐकू येतो यात शंका नाही. प्रश्न असा आहे की तो कानाला येतो की डोळ्याला. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एडिसनच्या कंपनीने गायिकेला फोनोग्राफच्या शेजारी उभं केलं. ती मधेच गाणं थांबवायची आणि यंत्र पुढे गात राहायचं. लोकांना म्हणे फरक कळला नाही. आज तो फोनोग्राफ ऐकला तर डब्यातून कुणी गातंय असं वाटेल. कान अपेक्षेप्रमाणे ऐकतो, ही शंभर वर्षांपूर्वीचीच गोष्ट.

म्हणून डोळे बांधून चाचणी घ्यायची. माझ्या तळघरात आम्ही चार मित्र दर हिवाळ्यात हा उद्योग करतो. आमची सौ. पडद्यामागे बसून नाणं उडवते आणि काटा की छापा त्याप्रमाणे तार बदलते. दोन्हीकडचा आवाज मीटरवर मोजून सारखा केलेला असतो. ही अट फार महत्त्वाची, कारण किंचित मोठा आवाज माणसाला 'जास्त चांगला' वाटतो. वीस फेऱ्यांत आमच्यातल्या सर्वात तयार कानाने अकरा बरोबर सांगितल्या. नाण्यानेही साधारण तेवढ्याच सांगितल्या असत्या.

हे फक्त आमच्या तळघराचं नाही. २००७ साली बॉस्टनच्या हौशी मंडळींनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण थेट ऐकवायचं आणि तेच सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या चाळणीतून काढून ऐकवायचं. ५५४ फेऱ्यांत बरोबर उत्तरं आली २७६, म्हणजे निम्म्याला एक कमी. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ मध्ये अशा अठरा प्रयोगांची एकत्र मोजदाद झाली. त्यात बरोबर उत्तरं ५२ टक्क्यांच्या थोडी वर निघाली आणि मुद्दाम शिकवून तयार केलेल्या श्रोत्यांची ६० टक्क्यांच्या आसपास. तेव्हा फरक अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पण जो ऐकायला शिकवणी लावावी लागते, त्याच्यासाठी गाडीच्या किमतीचा खोका घ्यावा का, हे ज्याने त्याने ठरवावं.

मग मोठा फरक कुठे पडतो? स्पीकरमध्ये नक्की पडतो. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत वर्षानुवर्षं पडद्यामागे स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. नाव आणि किंमत दिसेनाशी झाली की बहुतेकांची पसंती एकाच प्रकारच्या, सरळ सपाट प्रतिसादाच्या स्पीकरवर येते असं त्यांना आढळलं. आणि स्पीकरच्या बरोबरीने, खर्जात तर त्याहूनही जास्त, फरक पडतो खोलीने.

बारा फुटांवर समोरासमोर भिंती असलेली खोली घ्या. त्यात ४७ हर्ट्झला आवाज कोंडतो, मग त्याच्या दुपटीला, ९४ ला. भिंतीला टेकून सोफ्यावर बसलात तर तबल्याचा डग्गा ढोलासारखा घुमतो, आणि खोलीच्या बरोबर मधे बसलात तर ४७ चा स्वर जवळजवळ नाहीसा होतो. यंत्र तेच, रेकॉर्ड तीच. मायक्रोफोन लावून आलेख काढला की दहा-पंधरा डेसिबलचे डोंगर आणि दऱ्या दिसतात. त्यापुढे तारेचे ०.०३ डेसिबल म्हणजे हत्तीच्या पाठीवरची मुंगी. यावरचे उपायही किरकोळ आहेत. सोफा भिंतीपासून तीन फूट पुढे ओढायचा, समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीला पुस्तकांची कपाटं लावायची, जाड गालिचा टाकायचा. माझ्याकडे एका भिंतीवर आईने शिवलेल्या दोन गोधड्या टांगलेल्या आहेत. टाळी वाजवली की पूर्वी येणारी टर्रर्र अशी थरथर त्यांनी गिळून टाकली.

गोधडीच्या या शास्त्राचा जनक माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर होऊन गेला. १८९५ साली हार्वर्डमध्ये एक नवं व्याख्यानगृह बांधलं होतं, आणि त्यात बोललेलं काही कळत नव्हतं. एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर पुढचे दहा-पंधरा शब्द त्याच्या अंगावर येऊन पडायचे. वॉलेस सेबाइन नावाच्या पदार्थविज्ञानाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं, बघ काय करता येतं. तो रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवून घुमारा किती वेळ टिकतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. त्यातून सूत्र निघालं: घुमारा जागेच्या घनफळाच्या प्रमाणात वाढतो आणि आवाज शोषणाऱ्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात घटतो. ते वापरून १९०० साली बॉस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला. तिथे मी अधूनमधून जातो. वरच्या गॅलरीतल्या स्वस्त तिकिटावरही व्हायोलिनचा स्वर अंगाभोवती येतो आणि तरी प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं. घुमारा दोन सेकंदांना जरा कमी. लांबट, अरुंद, उंच खोका, भिंतींवर कोनाडे आणि पुतळे. उलट न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधला हॉल १९६२ मध्ये उघडला आणि पहिल्यापासून त्याच्या आवाजाची तक्रार सुरू झाली. १९७६ मध्ये आतून पाडून पुन्हा बांधला, तरी ती मिटली नाही. शेवटी ५५ कोटी डॉलर खर्चून २०२२ मध्ये तो पुन्हा नव्याने उघडला. भिंती चुकल्या की किती महागात पडतं ते बघा.

आता माझ्या खऱ्या दुखण्याकडे येतो. आपली मंडळं. गणपती, दिवाळी, संक्रांत, सगळे कार्यक्रम बऱ्याचदा शाळेच्या जिममध्ये किंवा कॅफेटेरियात. लाकडी नाहीतर फरशीची जमीन, विटांच्या भिंती, पत्र्याचं छत. शंभर बाय ऐंशी फुटांची, पंचवीस फूट उंच जिम धरा. सेबाइनच्या सूत्राने रिकाम्या जिममध्ये घुमारा चार सेकंदांच्या घरात येतो. तीनशे माणसं बसली (माणूस साधारण साडेचार चौरस फुटांच्या उघड्या खिडकीइतका आवाज गिळतो) तरी तो अडीच सेकंद राहतो. बोलणं कळायला तो एक सेकंदाच्या आसपास हवा. अशा जागी कुणीतरी दोन अजस्र स्पीकर लावतो, आणि शब्द कळत नाहीत म्हणून आवाज वाढवतो. घुमाराही तेवढाच वाढतो. गोल घुमटात उभं राहून गर्दीला सूचना देण्यापैकी हा प्रकार.

यात कुणाचं जातं? तुम्हा-आम्हाला मराठी पाठ आहे. अर्धं वाक्य ऐकून उरलेलं आपण भरून काढतो. स्वरांचा घुमारा पहिल्यांदा व्यंजनं खातो: त, प, क, स. ती ज्यांना अंदाजाने भरता येत नाहीत असे दोनच गट त्या हॉलमध्ये असतात. एक, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले, कान मंद झालेले आईवडील. दुसरा, इथे वाढलेली मुलं, ज्यांचं मराठी आधीच लंगडं आहे. म्हणजे ज्या दोघांसाठी आपण नाटकं बसवतो, त्यांनाच नाटक ऐकू येत नाही. मुलं पंधरा मिनिटांत फोन काढतात आणि आपण म्हणतो, या पिढीला भाषेची गोडी नाही. अहो, गोडी लागायला आधी शब्द कानात शिरायला हवा.

यावरचे उपाय रॉकेट सायन्स नाहीत. जिमऐवजी गालिचा आणि गादीच्या खुर्च्या असलेलं सभागृह घ्यावं, भाडं थोडं जास्त पडलं तरी. ते मिळालं नाही तर मागच्या भिंतीवर जाड पडदे किंवा रजया टांगाव्यात, नाहीतरी प्रत्येक घरात चार असतात. समोर दोन राक्षस ठेवण्यापेक्षा बाजूंनी छोटे स्पीकर माणसांच्या जवळ, त्यांच्याकडे तोंड करून लावावेत आणि सगळा आवाज कमी ठेवावा. माइक तोंडाजवळ धरावा. आवाज तपासताना रंगमंचावर "हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणण्याऐवजी एकाने शेवटच्या रांगेत बसावं आणि दुसऱ्याने अनोळखी पुस्तकातला उतारा वाचावा. मागच्याला तो लिहून घेता आला तर पास.

आमच्या हौशी मित्रांकडे मायक्रोफोन आहे, मोजायचं सॉफ्टवेअर आहे, तयार कान आहे आणि वादाची खुमखुमीही भरपूर आहे. एका माणसाच्या खुर्चीसाठी वर्षानुवर्षं चाललेली ही तपश्चर्या वर्षातून चार शनिवार तीनशे खुर्च्यांसाठी करावी, एवढंच मागणं आहे. उंची तार घ्यायची तर खुशाल घ्या. पण पुढच्या गणपतीला येताना एक गोधडी घेऊन या.