अग्निवीर की अधिकारी? वऱ्हाडातल्या पोरांची वाट दहावीतच ठरते

दर्यापूर असो, मूर्तिजापूर असो की तेल्हारा, पहाटे पाचला गावाबाहेरच्या डांबरी रोडवर पोट्टे धावताना दिसतात. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत मारायचे, म्हणजे मैदानी चाचणीत या धावेचे पूर्ण 60 गुण. धावणाऱ्यांत बहुतेक कोरडवाहू वावरवाल्याची नाहीतर शेतमजुराची पोरं. डॉक्टर, प्राध्यापकाचं पोरगं त्यात क्वचितच सापडतं. देशप्रेम त्यालाही आहेच, पण त्याच्यापुढं चार वाटा असतात.

जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. घोषणेवेळी वय ठेवलं साडेसतरा ते 21, नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी हातात महिना 21 हजार, चौथ्या वर्षी 28 हजार. जाताना सेवानिधीचे व्याज धरून साधारण 11 लाख 71 हजार, त्यातला अर्धा पैसा जवानाच्याच पगारातून कापलेला. पुढं कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. बाकीच्यांना पेन्शन नाही. जुन्या भरतीतला जवान 15 वर्षं काढून पेन्शन घेऊन गावात येत होता. त्या पेन्शनीवर घर उभं राहायचं, धाकट्याचं शिक्षण व्हायचं.

जोखीम मात्र कमी झालेली नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेलेला अग्निवीर अक्षय गवते शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातला, पिंपळगाव सराईचा. अशा वेळी 48 लाखांचा विमा आणि इतर मदत मिळते, पण नियमित जवानाच्या घरच्यांसारखी कुटुंब पेन्शन नाही.

तरी पोरं जातात, आणि त्यांचं चुकतं असं म्हणता येत नाही. सोयाबीनला हमीभाव मिळत नाही, कपाशीचा खर्च निघत नाही, तिथं महिन्याला 21 हजार म्हणजे घराला मोठा आधार. "घरी बसून तरी काय करते?" या बापाच्या प्रश्नाला उत्तर नसते.

खरी गोम दुसरीकडेच आहे. अग्निपथ फक्त अधिकारी पदाखालच्या भरतीला लागू आहे. एनडीएतून लेफ्टनंट झालेल्याचं मूळ वेतनच 56,100 रुपये, आणि चार वर्षांची अटही नाही. जनरल ड्युटीच्या अग्निवीराला दहावी 45 टक्के लागते, एनडीएला बारावी. लष्करासाठी तर बारावी कोणत्याही शाखेची चालते, आर्ट्सवाल्याचीही. परीक्षा वर्षातून दोनदा, फी 100 रुपये. म्हणजे अडचण फीची नाही. लेखी परीक्षेच्या 900 गुणांत 300 गणिताचे आणि 200 इंग्रजीचे, आणि तालुक्यातल्या शाळेत हेच दोन विषय कच्चे राहतात. त्यात हा फॉर्म असतो हेच अनेक घरांत माहीत नसते. शहरातलं पोरगं आठवीपासून क्लास लावते. गावातल्याला कळते तोवर साडेएकोणीसची वयोमर्यादा निघून गेलेली असते.

याच तयारीसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरात 1977 पासून आहे. तिथली निवड दहावीच्या वर्षीच होते. मुलींसाठी आता नाशिकला वेगळी संस्था झाली आहे.

अग्निवीरांची पहिली तुकडी 2026 च्या अखेरीपासून चार वर्षं संपवून परतू लागेल. केंद्रीय पोलीस दलांत त्यांना राखीव जागा आहेत. पण दहावीवर गेलेला पोरगा तेव्हा एकविशी-बाविशीचा असेल, आणि गावात राहिलेले त्याचे वर्गमित्र पदवी घेऊन त्याच पोलीस भरतीच्या रांगेत उभे असतील.